खासदार-आमदारांनी सामाजिक विधेयकांवर नेमकं काय मत दिलं, याची नावानिशी नोंद कुठे सापडते?

शिवारवाट:
तालुक्याच्या वाचनालयात फलकावर लावायला एक पान तयार करायचं आहे. मतदारसंघाच्या खासदार-आमदारांनी सामाजिक विषयांवर सभागृहात काय मत दिलं आणि बाहेर काय बोलले, एवढंच त्यात असेल. संसदेची तिहेरी तलाक (२०१९), आर्थिक दुर्बल घटकांचं १० टक्के आरक्षण (२०१९), तृतीयपंथी व्यक्ती विधेयक (२०१९), महिला आरक्षण (२०२३) आणि वक्फ दुरुस्ती (२०२५) ही विधेयकं घेतली आहेत. राज्याकडून मराठा आरक्षण (२०२४) आणि जनसुरक्षा विधेयक (२०२५).

पीआरएस या संसदेच्या कामकाजाची माहिती देणाऱ्या संस्थेच्या पानावर खासदाराची हजेरी, प्रश्न, चर्चा आणि खासगी (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली) विधेयकं मिळतात, मत मिळत नाही. बातम्यांत ‘३०३ विरुद्ध ८२’ असे आकडे असतात, नावं नसतात. तर:
१) नावांची यादी कुठे असते?
२) यादीत नाव नसेल तर काय लिहायचं?
३) आमदारांच्या मतांची अशी यादी असते का?

द्विसदन:
यादी शोधण्याआधी त्या विधेयकावर मतविभागणी, म्हणजे एकेका सदस्याचं मत नोंदवून मोजणी, झाली होती का, हे पाहा. झाली नसेल तर यादी जन्मालाच आलेली नसते आणि तुम्ही रात्रभर संकेतस्थळ उपसत बसाल.

लोकसभेत अध्यक्ष आधी आवाजी मत घेतात. ‘होय’वाले जास्त वाटतात, असं त्यांनी म्हटल्यावर कोणी हरकत घेतली तर लॉबी मोकळी करायला सांगतात, घंटा वाजते आणि साडेतीन मिनिटांनी प्रश्न पुन्हा टाकतात. तरीही हरकत असेल तर मतविभागणी होते. नियम ३६७ मध्ये आणखी एक वाट आहे. मतविभागणीची मागणी विनाकारण आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर ते सदस्यांना जागेवर उभं राहायला सांगून मोजतात आणि तेव्हा नावं नोंदली जात नाहीत. म्हणजे मोजणी होऊनही नावं नाहीत, असंही घडतं.

घटनादुरुस्ती असेल तर काम सोपं. कलम ३६८ प्रमाणे एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश, दोन्ही लागतात. त्यामुळे मतविभागणी होतेच आणि नावं मिळतातच. तुमच्या यादीतली दोन विधेयकं या गटातली आहेत. इथे क्रमांक फसवतो. महिला आरक्षणाचं विधेयक १२८ व्या घटनादुरुस्तीचं होतं, कायदा झाला १०६ वा. आर्थिक दुर्बल घटकांचं विधेयक १२४ वं, कायदा १०३ वा. कायद्याच्या क्रमांकाने शोधलंत तर चर्चा सापडणार नाही. विधेयकाचा क्रमांक आणि मतदानाची तारीख, दोन्ही हाताशी ठेवा.

नावं मिळतात ती संसद डॉट इनवर, त्या दिवसाच्या वादविवादाच्या वृत्तात. मतदानाचा क्षण आला की ‘होय’, ‘नाही’ आणि ‘तटस्थ’ अशा याद्या छापलेल्या असतात. तात्पुरतं, असंपादित वृत्त वापरू नका, संपादित प्रत घ्या. कारण असं: यंत्रावर मत देताना सदस्याला मतदान सुरू करण्याचं बटण आणि हिरवं, लाल किंवा पिवळं बटण, ही दोन्ही एकाच वेळी दुसरी घंटा होईपर्यंत दाबून धरावी लागतात. आधी हात उचलला की मत उमटत नाही. मग सदस्य चिठ्ठीने दुरुस्ती करतात. म्हणून अध्यक्ष निकाल सांगताना ‘दुरुस्तीच्या अधीन’ असं म्हणतात. सभागृहातल्या फलकावरच्या आकड्याचा फोटो आणि छापील यादी यांत फरक दिसतो तो यामुळे. छापील यादी खरी धरायची.

तिहेरी तलाकच्या बाबतीत वर्ष नक्की करा. लोकसभेने हे विधेयक डिसेंबर २०१७, डिसेंबर २०१८ आणि जुलै २०१९ असं तीन वेळा मंजूर केलं. २७ डिसेंबर २०१८ ला २४५ विरुद्ध ११, आणि २५ जुलै २०१९ ला ३०३ विरुद्ध ८२. ‘सात महिन्यांत विरोध सातपट वाढला’ असा अर्थ काढू नका. २०१८ मध्ये काँग्रेस आणि अण्णा द्रमुक मतदानाआधी बाहेर पडले होते, त्यामुळे ‘नाही’च्या रकान्यात माणसंच उरली नव्हती. शिवाय मध्ये निवडणूक झाली. खासदार बदलला असेल तर दोन्ही नावं लिहा.

तारांकित:
द्विसदन यांनी विधेयकावरच्या शेवटच्या मताचं सांगितलं. पण एका विधेयकावर एका दिवसात पाच-सहा मतं होऊ शकतात: अध्यादेश नापसंत करणारा ठराव, विधेयक प्रवर समितीकडे (सखोल तपासणीसाठी नेमलेल्या सदस्यांच्या समितीकडे) पाठवण्याचा प्रस्ताव, विचारात घेण्याचा प्रस्ताव, कलमांवरच्या दुरुस्त्या आणि मग मंजुरी. भूमिका शोधणाऱ्याला मधली मतंच जास्त उपयोगी पडतात.

तुमच्या यादीतलं तृतीयपंथी व्यक्ती विधेयक घ्या. लोकसभेत ५ ऑगस्ट २०१९ ला आणि राज्यसभेत २६ नोव्हेंबरला ते आवाजी मतदानाने मंजूर झालं. नावं नाहीत. पण राज्यसभेत द्रमुकचे तिरुची शिवा यांनी ते प्रवर समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव मांडला होता आणि त्यावर मतविभागणी झाली. प्रस्ताव ५५ विरुद्ध ७४ ने पडला. तृतीयपंथी समाजातून विधेयकावर कडाडून टीका होत होती आणि फेरविचाराची दारं या प्रस्तावाने उघडणार होती. महाराष्ट्राच्या राज्यसभा सदस्यांची नावं या यादीत तपासा. लोकसभेच्या खासदारापुढे मात्र ‘नोंद नाही’ असंच लिहावं लागेल.

तिहेरी तलाकचंही तसंच. राज्यसभेत ३० जुलै २०१९ ला प्रवर समितीचा प्रस्ताव ८४ विरुद्ध १०० ने पडला आणि मग विधेयक ९९ विरुद्ध ८४ ने मंजूर झालं. २४५ जागांच्या सभागृहात मतं पडली १८३. जदयू आणि अण्णा द्रमुक यांनी सभात्याग केला, इतरही पक्षांतले काही सदस्य गैरहजर होते. निकाल ठरला तो या रिकाम्या बाकांमुळे. म्हणून तुमच्या पानावर गैरहजेरीला पूर्ण रकाना द्या, कोपऱ्यात बारीक अक्षरात टाकू नका.

गैरहजेरी आणि सभात्याग यांतला फरकही वृत्तातच कळतो. सभात्याग झाला की ‘यावेळी अमुक आणि इतर काही सदस्य सभागृहाबाहेर गेले’ अशी ओळ त्या जागी छापलेली असते. हजेरीची सही दिवसाची असते, मताची नाही. सकाळी सही करून रात्रीच्या मतदानाला नसणारे सदस्य पीआरएसच्या आकड्यात ‘हजर’च दिसतात. मंत्री हजेरीपटावर सहीच करत नाहीत. तुमचे खासदार मंत्री असतील तर तो रकाना मोकळा दिसेल, त्याला शून्य समजू नका.

गणपूर्ती:
व्हिपचं, म्हणजे कसं मत द्यायचं याच्या पक्षादेशाचं, कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. राज्यघटनेच्या १९८५ च्या दहाव्या अनुसूचीनुसार (पक्षांतरबंदी), पक्षाने आदेश काढला असताना सदस्याने परवानगीशिवाय उलट मत दिलं किंवा मतच दिलं नाही आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. त्यामुळे मोठ्या विधेयकावरचं ‘होय’ हे बहुतेक वेळा पक्षाचं ‘होय’ असतं. ते सदस्याची वैयक्तिक मतं म्हणून मांडणं चुकीचं आहे. तरी लिहाच, कारण पक्षाच्या मताची जबाबदारीही त्याचीच आहे. फक्त शेजारी ‘व्हिप होता’ असं नोंदवा.

वैयक्तिक कल पाहायचा तर खासगी विधेयकं पाहा. तिथे सहसा व्हिप नसतो. १८ डिसेंबर २०१५ ला शशी थरूर यांना समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ बदलण्याचं विधेयक नुसतं मांडायचं होतं. मांडायला विरोध करण्याचा प्रघात नाही, तरी मतविभागणी झाली आणि ७१ विरुद्ध २४ ने परवानगी नाकारली गेली. अशा छोट्या मतदानातली नावं महत्त्वाची. विधेयक मांडणं हीसुद्धा नोंदवलेली भूमिका आहे: बारामतीच्या सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये विशेष विवाह कायद्यात बदल करून समलिंगी विवाहाला मान्यता देणारं खासगी विधेयक मांडलं. ते मतापर्यंत गेलं नाही, पण मजकूर आणि उद्देश-कारणांचं निवेदन सही-तारखेसह उपलब्ध आहे. भाषणापेक्षा ते जास्त पक्कं.

शिवारवाट:
मनापासून आभार, प्रवर समितीची मतं डोक्यातच नव्हती. महिला आरक्षणावर अडकलो आहे. लोकसभेत ४५४ विरुद्ध २. विरोधातल्या दोघांपैकी एक महाराष्ट्राचे, औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. ‘महिला आरक्षणाला विरोध’ एवढंच लिहिलं तर ते बरोबर होईल का? आणि विधानसभेचा प्रश्न राहिलाच.

द्विसदन:
मत बरोबर आहे, पण तेवढंच लिहिलंत तर वाचणाऱ्याला चुकीचा निरोप जाईल. २० सप्टेंबर २०२३ ला असदुद्दीन ओवैसी आणि जलील यांनी विरोधात मत दिलं आणि कारण सांगितलं की ओबीसी आणि मुस्लिम महिलांना वेगळा वाटा नाही. त्याच चर्चेत सोनिया गांधींनी ओबीसी महिलांच्या आरक्षणाची मागणी केली आणि त्यांच्या पक्षाने विधेयकाच्या बाजूने मत दिलं. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य. ओबीसी महिलांबद्दल जवळपास एकच मागणी, मतं उलटी. म्हणून रकाने दोन हवेत: ‘मत’ आणि ‘भाषणातलं कारण’. कारण स्वतःच्या शब्दांत सांगू नका, वृत्तातली दोन वाक्यं जशीच्या तशी घ्या आणि दिनांक टाका. वाचणारा ठरवेल.

४५४ आणि २ मिळून ४५६. सभागृह ५४३ चं. उरलेल्या ८७ मध्ये गैरहजर सदस्य, रिकाम्या जागा आणि अध्यक्षही येतात. अध्यक्ष पहिल्या फेरीत मत देत नाहीत, फक्त समसमान झाल्यावर देतात. तुमचा खासदार यादीत नसेल तर या तिघांपैकी कुठला प्रकार, ते आधी पाहा. नव्या इमारतीतलं ते पहिलंच मोठं मतदान होतं आणि यंत्राऐवजी हिरव्या-लाल चिठ्ठ्यांवर झालं, त्यामुळे वृत्तातच पाहा.

वक्फ दुरुस्तीचं सोपं आहे. लोकसभेत २८८ विरुद्ध २३२, राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५. दोन्हीकडे नावं आहेत. लोकसभेची चर्चा २ एप्रिलला सुरू झाली आणि मतदान मध्यरात्रीनंतर झालं, म्हणून २ एप्रिलच्या बैठकीच्या वृत्तातच शोधा. ३ तारखेच्या फाइलमध्ये ते नसेल. त्याआधीच्या संयुक्त समितीचा अहवालही घ्या. समितीत अरविंद सावंत, नरेश म्हस्के, सुरेश म्हात्रे हे महाराष्ट्राचे लोकसभा सदस्य होते. अहवालाला जोडलेल्या भिन्नमतपत्रिकांत कलमावार आक्षेप असतात. सभागृहात पाच मिनिटांत जे सांगता येत नाही, ते तिथे सविस्तर मिळतं.

तारांकित:
आता विधानसभा. इथे निराशा होईल, आधीच सांगतो. राज्यात जवळजवळ सगळी विधेयकं आवाजी मतदानाने होतात. विरोधकांनी ‘पोल’ मागितला तरच डोकी मोजली जातात आणि सामाजिक विधेयकांवर तो क्वचितच मागितला जातो. विश्वासदर्शक ठरावासारखी गोष्टसुद्धा १२ नोव्हेंबर २०१४ ला आवाजी मतदानाने झाली. कोण ‘होय’ म्हणालं याची नावानिशी नोंद नाही. उलट ३० नोव्हेंबर २०१९ ला शिरगणती झाली, म्हणून १६९ मतं आणि चार तटस्थ, असं नेमकं सांगता येतं.

२० फेब्रुवारी २०२४ चं मराठा आरक्षण विधेयक ‘एकमताने’ मंजूर झालं. एकमताने म्हणजे विरोधाचा आवाज उठला नाही, इतकंच. प्रत्येक आमदार हजर होता आणि ‘होय’ म्हणाला, असं नाही. भूमिका बाहेर शोधावी लागते. त्याच काळात मंत्रिमंडळात असलेले छगन भुजबळ कुणबी दाखल्यासाठी नातेवाइकांची व्याख्या वाढवणाऱ्या, जानेवारीतल्या ‘सगेसोयरे’ मसुद्याला जाहीर विरोध करत होते. विधेयक आणि मसुदा हे दोन वेगळे कागद, पानावर त्यांची सरमिसळ करू नका.

जनसुरक्षा विधेयक १० जुलै २०२५ ला विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं. यादी नाही, पण माकपचे विनोद निकोले यांचा विरोध नोंदला गेला. तुमच्या आमदारांनी त्या दिवशी तोंड उघडलं का, हे कार्यवाहीत दिसेल. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला.

विधानमंडळाच्या संकेतस्थळावर कार्यवाही अधिवेशन आणि तारखेनुसार मिळते. आमदारासाठी तारांकित (तोंडी उत्तराचे) प्रश्न, लक्षवेधी सूचना, विधानसभेतली नियम २९३ ची चर्चा आणि परिषदेतली २६० ची, एवढं चाळा. प्रश्नाखाली दहा-बारा आमदारांची नावं असतात. पहिलं नाव सोडून बाकीच्यांना त्या विषयाचे कैवारी ठरवू नका. जो दिवस मिळत नाही त्यासाठी विधानमंडळ सचिवालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. ‘आमदारांची भूमिका कळवा’ असं लिहिलंत तर ती माहितीच नाही म्हणून अर्ज परत येईल. ‘अमुक तारखेच्या बैठकीत अमुक विधेयक क्रमांकावर मतविभागणी झाली का, झाली असल्यास यादीची प्रत’ असं लिहा. ‘झाली नाही’ हे उत्तरही फलकावर लावण्यासारखं आहे.

गणपूर्ती:
रकाने असे ठेवा: विधेयक आणि क्रमांक, सभागृह, तारीख, कोणत्या प्रस्तावावर मत, पद्धत (आवाजी, यंत्र, चिठ्ठी की शिरगणती), व्हिप, नोंद, भाषणातला उतारा. ‘नोंद’ या रकान्यात सहाच शब्द वापरा: होय, नाही, तटस्थ, सभात्याग, गैरहजर, नोंद नाही. ‘तटस्थ’ फक्त ज्यांनी ते बटण दाबलं किंवा तसं नोंदवलं त्यांच्यासाठी. घरी बसलेल्याला तटस्थ म्हणू नका. आणि फलकावर लावण्याआधी पान खासदार-आमदारांच्या कार्यालयात पोच घेऊन द्या, आठ दिवस थांबा. चूक असेल तर कळेल. नसेल तर नंतर कोणी हरकत घेतली तरी पोच तुमच्याकडे राहील.