मदत हवी आहे: शिंजिराची चमक फोटोत उतरत नाही

अंगणातल्या हमेलियाच्या झुडपावर जांभळ्या शिंजिराचा (फुलांतला मध पिणारा छोटा पक्षी) नर सकाळी आठपर्यंत हमखास येतो. लेन्स १५०-६०० मिमी, ६०० वर एफ/६.३, शटर १/२०००, आयएसओ ३२००च्या आसपास, अंतर साधारण ५ मीटर. फोकस डोळ्यावर नेमका बसतो, पण पक्षी नुसता काळा दिसतो. एक्स्पोजर +१ केलं की छातीची पिसं उघडतात, मात्र केशरी फुलं आणि मागची पांढरी भिंत जळून जाते, म्हणजे तपशील उरत नाही. रॉमधूनही (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) तो परत येत नाही.

ही चमक पिसांच्या रचनेतून येते, रंगद्रव्यातून नाही, म्हणून प्रकाशाचा कोन महत्त्वाचा हे माहीत आहे. अडचण अशी की सकाळी ऊन झुडपामागून येतं आणि पाठीवर ऊन घेऊन उभं राहायला जागाच नाही.

हाय-स्पीड सिंकवर (वेगवान शटरलाही फ्लॅश चालवणारी सोय) फ्लॅशची ताकद -२ ठेवली तर तो ५ मीटरवर पुरेसा पोचतो का? की शटर साध्या फ्लॅशला चालेल अशा १/२५० वर आणून, शिंजीर देठावर टेकलेला असतानाच टिपावं? दुपारी चारनंतर ऊन योग्य बाजूला असतं. तेव्हा झुडपाच्या पश्चिमेला वाळकी फांदी रोवली तर तो तिथे बसेल का? साखरपाणी ठेवायचं नाही. जवळ घरटं दिसलं तर फ्लॅश अजिबात वापरणार नाही. कोणी केलं असेल तर सेटिंगसकट सांगा.