गावातली जुनी बाजारपेठ सावरायची आहे, आराखड्याची सुरुवात कशाने करावी?

पेठकर: नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातली पेठ, लांबी साधारण 400 मीटर, रुंदी कुठे 9 तर कुठे 11. कापड, भांडी, सराफ, किराणा. गिऱ्हाईक बायपासच्या मोठ्या दुकानांकडे वळलंय. नगरपरिषद म्हणते, व्यापारी आणि रहिवासी मिळून आराखडा द्या. व्यापारी संघात दोन तट आहेत: एकाला पार्किंग हवं, दुसऱ्याला फेरीवाले हटवायचेत.

नकाशावाला: आधी मोजणी, मग बैठक. उलट केलंत की ज्याचा आवाज मोठा त्याचा आराखडा होतो. एक साधा वार, एक आठवडी बाजाराचा दिवस आणि रविवार घ्या. पेठेच्या दोन्ही तोंडांना दर तासाला पंधरा मिनिटं माणसं मोजा, आकडा चारने गुणा. दर अर्ध्या तासाने उभ्या गाड्यांच्या नंबरचे शेवटचे चार आकडे लिहा. सकाळी दहाची गाडी संध्याकाळी सहालाही तिथेच असेल तर ती गिऱ्हाइकाची नव्हे, मालकाची किंवा नोकराची. पार्किंगच्या बोंबेचं मूळ बहुतेक वेळा इथेच निघतं. पहिल्या बैठकीत हाच तक्ता भिंतीवर लावा.

9 मीटरचा हिशेब असा: दोन्ही बाजूंना 1.8 मीटर चालायला (इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत, म्हणजे आयआरसी 103 मध्ये, हे किमान आहे), 2 मीटर दुचाक्यांना, उरलेल्या 3.4 मीटरमध्ये एकेरी वाहतूक. चारचाकी पेठेत उभी राहणार नाही, हे आधीच कबूल करा. एका मोटारीच्या जागेत पाच दुचाक्या बसतात. आणि शटरबाहेरचे पुतळे, हँगर, पोती आत घ्यावी लागतील, नाहीतर ते 1.8 मीटर फक्त कागदावर.

हातगाडी: फेरीवाल्यांबद्दल. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात, त्यांतल्या एक तृतीयांश महिला. तुमच्याकडे समिती नसेल तर ती बसवायची मागणी आधी करा, नाहीतर कोणीही कोर्टात जाऊन काम थांबवेल. बाकी भाजीवालीमुळेच बायका रोज पेठेत येतात, हे सराफांना कोणीतरी सांगायला हवं. 11 मीटरच्या पट्ट्यात जे 2 मीटर जास्त मिळतात ते फेरीवाल्यांना आखून द्या.

गटारे साहेब: वरची फरशी शेवटी. पाण्याची लाइन, ड्रेनेज, वीज आणि फायबरच्या केबल कुठून जातात ते आधी ट्रायल पिट (चाचणीचे छोटे खड्डे) घेऊन बघा, आणि रस्ता ओलांडणारे रिकामे पाइप टाकून ठेवा. नाहीतर नवा रस्ता सहा महिन्यांत कोणीतरी खोदणारच.

सगळ्यात मोठा घोळ उंचीचा. जुना थर न काढता त्यावर काँक्रीट ओतलं की रस्ता उंबरठ्याच्या वर जातो आणि पहिल्याच पावसात पाणी दुकानात. प्रत्येक ओट्याची पातळी लेव्हल लावून नोंदवा आणि रस्त्याची पातळी सर्वांत खालच्या ओट्यावरून ठरवा. पेव्हर ब्लॉक गाडी जाणार तिथे 80 मिमी, फक्त चालायच्या जागी 60 मिमी पुरतो. कडेचा ब्लॉक काँक्रीटमध्ये पक्का नसेल तर टेम्पोच्या चाकाखाली सगळी ओळ सरकते. काम 100 मीटरच्या तुकड्यांत करा, गणपती ते दिवाळी खोदकाम बंद.

पेठकर: वाहनबंदी करून बघावी का? काही दुकानदार ऐकूनच उखडलेत.

नकाशावाला: थेट कायमची नको. चुन्याच्या रेघा, कुंड्या आणि बॅरिकेड लावून एक शनिवार-रविवार संध्याकाळी करून बघा. पुण्यात डिसेंबर 2021 मध्ये पादचारी दिनाला लक्ष्मी रोडचा काही भाग दिवसभर वाहनमुक्त ठेवला होता. दिल्लीच्या चांदनी चौकात सकाळी 9 ते रात्री 9 मोटारगाड्यांना बंदी घातली, म्हणजे माल त्या वेळेबाहेरच उतरायचा. तुमच्याकडे वाद पेटेल तो इथेच. किराणा आणि भांडीवाल्यांचे ट्रान्सपोर्टचे टेम्पो किती वाजता येतात ते आधी विचारा, आणि ट्रान्सपोर्टवाल्यांनाही बैठकीला बोलवा. त्यांना बहुतेक जण विसरतात.