आजीचे चरित्र लिहायचे आहे. सन कसे जुळवावेत?

गोदाकाठची नात : माझी आजी गेल्या माघात गेली. वर्षश्राद्धाला नातलग पंचवटीतल्या घरी जमतील, तेव्हा तिच्या आयुष्यावरची एक छोटी पुस्तिका सर्वांच्या हाती द्यावी, असे आम्हा नातवंडांच्या मनात आहे. आठवणींना तोटा नाही, पण त्यांतल्या एकीलाही सन नाही. जन्म कधीचा, असे विचारले की ‘ज्वारीच्या सुगीतला’ एवढेच ती सांगे. आधार कार्डावर मात्र 1 जानेवारी आहे. सिन्नर तालुक्यातले माहेर सोडून ती नाशकात केव्हा आली, आजोबांच्या मागे किराणा दुकान तिने कोणत्या साली हाती घेतले, हे सांगणारे घरात कोणी उरलेले नाही. सुरुवात कोठून करावी?

जुना नाशिककर : त्या पिढीतली माणसे सन सांगत नाहीत, प्रसंग सांगतात. ‘गंगेच्या मोठ्या पुरात तुझा बाप रांगत होता’ असे कोणी म्हणाले, तर ते बहुधा 1969 साल असते. (आपल्याकडे गोदावरीलाच गंगा म्हणतात, हे परगावच्या नातलगांसाठी पुस्तिकेत लिहून ठेवा.) तसाच 1972 चा दुष्काळ, तसेच 1980 आणि 2003 चे सिंहस्थ. ही वर्षे कागदावर मांडून आजीच्या बरोबरीच्या बायकांकडे जा, आणि ‘लग्न कधी झाले’ असे न विचारता ‘दुष्काळात घरात खाणारी तोंडे किती होती’ असे विचारा. हे काम सर्वांत आधी करा, कारण त्यांचीही वये झाली आहेत.

वहीवाला : जन्मासाठी माहेरच्या गावचे कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंच्या नोंदींची जुनी सरकारी वही, पाहावे, त्याची नक्कल तहसील कार्यालयात अर्ज करून मागता येते. त्यात बाळाचे नाव बहुधा नसते, त्यामुळे वडिलांचे नाव, मुलगी असल्याची नोंद आणि तारीख यांवरूनच जुळवावे लागते. जुनी पाने मोडी लिपीत असली तर जाणकार सोबत न्यावा. रामकुंडावरील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही गाव आणि आडनावानुसार घराण्यांच्या नोंदी असतात. सासरच्या वहीत आजी कोणाची तरी पत्नी म्हणूनच सापडेल, आणि हे मला नेहमी खटकते. म्हणून तिच्या वडिलांच्या घराण्याची वहीही शोधावी.

पेठेतली : वरील दोन्ही सूचना उपयोगी आहेत, पण पुस्तिकेचा जन्मदाखला होऊ देऊ नका. आमच्या नात्यात निघालेल्या अशाच एका पुस्तिकेत प्रेमळ, कष्टाळू, सोशिक ही विशेषणे पानोपानी होती आणि ती कोणाच्याही आजीला शोभली असती. तुमच्या आजीने दुकान चालवले आहे, तर उधारीच्या वह्या कोठे आहेत? कोणाला तिने किती महिने सांभाळून घेतले, कोणाची बाकी स्वतःच खोडून टाकली आणि कोणाला दारात उभे केले नाही, हे तिच्या स्वतःच्या अक्षरात मिळेल.

गोदाकाठची नात : सर्वांचे आभार. वह्या माळ्यावर आहेत. आमच्याकडे दर दिवाळी पाडव्याला नवी वही सुरू होत असे, त्यामुळे आजोबांचे अक्षर संपून आजीचे सुरू होते ते पान सापडले, तर दुकानाचे साल तेथेच कळेल. उधारीचा भाग मात्र जपून लिहावा लागेल. ती गिऱ्हाइके अजून आमच्याच गल्लीत राहतात आणि श्राद्धाच्या जेवणालाही येणार आहेत.