टाचेच्या मशीनवर उणे २.७ आलंय. कॅल्शियम सुरू करू का?

सांगलीची_सून
मैत्रिणींनो, वय ४९. रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये हाडांच्या तपासणीचं फुकट शिबिर होतं. टाच मशीनमध्ये घातली, दोन मिनिटांत चिठ्ठी हातात: उणे २.७. पाठोपाठ अठराशे रुपयांचा पावडरचा डबाही पुढे आला. घेतला नाही, पण झोप उडाली.

कारण आई. दिवाळीच्या आधी मोरीत घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं! नंतर एक्स-रेत पाठीचे दोन मणके दबलेले निघाले, तेही जुने. तिची कधी तक्रार नव्हती. मग आठवलं, तीन-चार वर्षं तिचे गाऊन जमिनीवर लोळत होते आणि आम्ही बिचाऱ्या शिंपिणीला नावं ठेवत होतो. वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा तिनं खाली आणला, तोही त्याच सुमाराला. उंची कमी होतेय हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

माझी पिशवी ३९व्या वर्षी काढली, दोन्ही अंडाशयांसकट. तेव्हा 'कटकट गेली' म्हणाले सगळे. हाडांबद्दल एक अक्षर नाही. गुडघे दुखत नाहीत. थायरॉइडची गोळी रोज असते. मेडिकलवाला म्हणतो, कॅल्शियम चालू करा. करू?

डेक्सावाली
मी डेक्सावर, म्हणजे अगदी कमी एक्स-रेनं हाडांची घनता मोजणाऱ्या मशीनवर काम करते. टाचेची तपासणी ध्वनिलहरींची असते, ती फक्त चाळणी. निदानासाठी खुबा आणि कंबरेचा डेक्सा करा. दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं, बस. टी-स्कोअर म्हणजे तुमचं हाड तरुण, निरोगी हाडाच्या तुलनेत किती ते सांगणारा आकडा. तो उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते २.५ च्या मधे हाडं विरळ व्हायला लागलेली, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार.

आणि गुडघ्यांवर जाऊ नका. गुडघेदुखी बहुतेक वेळा सांध्याच्या झिजेची. हाड ठिसूळ होताना दुखत नाही, मोडल्यावर कळतं. अंडाशय गेले की इस्ट्रोजेन जातं आणि हाड भरण्यापेक्षा झिजतं जास्त. म्हणजे तुमची पाळी ३९लाच गेली असं धरा. डॉक्टरांना हे आधी सांगा, आईचं मनगटही सांगा.

रंकाळ्याची_आत्या
अगं, थायरॉइड आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नकोस! मी सहा महिने दोन्ही सकाळीच घेत होते, रक्ततपासणीत थायरॉइडचा टीएसएच वर गेला, म्हणजे गोळी पुरेशी लागू पडत नव्हती, तेव्हा उलगडा झाला. चार तासांचं अंतर हवं. पाळी गेल्यावर दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं, पण सगळं गोळीतून नको. पेलाभर दुधात अडीचशेच्या आसपास, नाचणीच्या एका भाकरीत सव्वाशे-दीडशे. तीळ कूट करूनच खा.

जुनं_ते_सोनं
आमच्या आजीनं कुठे गोळ्या खाल्ल्या?

रंकाळ्याची_आत्या
तुमची आजी जातं ओढायची, विहिरीचं पाणी काढायची, दिवसभर उन्हात असायची. आपण गिरणीत डबा ठेवून स्कूटीनं घरी येतो.

सांगलीची_सून
तीन आठवड्यांनी लिहितेय. डेक्सा झाला: खुबा उणे १.९, कंबर उणे २.२. ड जीवनसत्त्व ११, म्हणजे फारच कमी! त्याची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एक, आठ आठवडे. कॅल्शियम रात्रीच्या जेवणासोबत. नुसतं चालणं पुरत नाही म्हणून डॉक्टरांनी वजनांचा व्यायाम सांगितलाय. सध्या दोन लिटरच्या बाटल्या पाण्यानं भरून उचलते, मुलगा हसतो.

मोरीत दांडा बसवला. आईला हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू झालीय: उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. त्या अर्ध्या तासात ती वाती वळत बसते. बरण्या भरून वाती झाल्यात, कुणाला हव्या असतील तर सांगा.