मदत हवी आहे: निफाडच्या थंडीत गच्चीवरील वडाचे बोन्साय कसे वाचवावे?

आम्ही निफाड तालुक्यात राहतो. गच्चीवर उथळ ट्रेमध्ये वड, फायकस, अडेनियम, जेड आणि एक फुकियन टी (लहान पानांचे झुडूप) अशी बोन्साय आहेत. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून कोरडी थंड हवा आली की येथील पारा काही रात्री ५ अंशांच्याही खाली जातो. ही झाडे मूळची उष्ण प्रदेशातील असल्यामुळे पाणी गोठण्याइतकी थंडी नसली, तरी १० अंशांच्या खाली त्यांच्यापैकी नाजूक झाडांना इजा होऊ लागते, हे मला ठाऊक आहे. नुकत्याच येऊन गेलेल्या लाटेनंतर फुकियन टीचे कोवळे शेंडे काळे पडले, अडेनियमची पाने गळाली आणि वडाच्या वरच्या पानांवर ओलसर दिसणारे गडद डाग उमटले आहेत.

लहान झाडे आम्ही संध्याकाळी जिन्यात आणून ठेवतो. वडाचा ट्रे मात्र इतका जड आहे की तो रोज हलवणे शक्य नाही. हे झाड माझ्या सासूबाईंनी वाढवलेले असून त्याच्या पारंब्या आता कुठे मातीला टेकल्या आहेत, त्यामुळे त्याचीच चिंता अधिक वाटते. आमच्या भागात द्राक्षबागायतदार थंडीच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे विहिरीचे पाणी देतात. हाच उपाय कुंडीतील झाडाला लागू पडेल का? झाकायचे असेल तर प्लास्टिक वापरावे की कापड? काळी पडलेली पाने व शेंडे आताच छाटावेत का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर:

बागेचा उपाय ट्रेला जसाच्या तसा लागू पडणार नाही. विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असते आणि ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक साठवते, म्हणून बागेत त्याचा फायदा होतो. आपल्या ट्रेमध्ये मात्र जेमतेम चार बोटे माती असते आणि ती रात्री हवेइतकीच थंड होते. त्यातच गार मातीत मुळे पाणी फार सावकाश शोषतात. दुपारी उन्हात पाने मलूल दिसली म्हणून पुन्हा पाणी घातले, तर मुळे कुजण्याचा धोका वाढतो. म्हणून मातीचा वरचा थर सुकल्यावरच, ऊन चढल्यानंतर पाणी द्यावे. अडेनियमची पाने गळाली असतील तर त्याचे पाणी जवळजवळ बंदच ठेवावे. धुराने फारसे काही साधत नाही, आणि शेकोटीची ऊब उघड्या गच्चीवरून वर निघून जाते.

निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पाने आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात, म्हणून आच्छादन हाच खरा उपाय आहे. वडाचा ट्रे स्टँडवर असेल तर तो उतरवून दुपारचे ऊन खाणाऱ्या भिंतीलगत जमिनीवर ठेवावा. हे काम एकदाच करायचे आहे, तेव्हा चार माणसे बोलवावीत. ट्रेभोवती वाळलेला पाला किंवा भाताचा तूस भरलेल्या गोण्या रचाव्यात. वर बांबूची चौकट उभी करून जुनी जाड चादर किंवा गोणपाट चारही बाजूंनी स्लॅबला टेकेल असे सोडावे, म्हणजे दिवसभर तापलेल्या स्लॅबची ऊब आत अडकून राहते. झाडाला नुसता फेटा बांधल्यासारखे कापड गुंडाळले तर ही ऊब मिळत नाही. पातळ पारदर्शक प्लास्टिकमधून उष्णता बऱ्याच प्रमाणात निसटते, आणि पानांना चिकटलेले प्लास्टिक तेथेच इजा करते. वापरायचेच असेल तर ते कापडाच्या वरून घालावे. सकाळी ऊन आले की आच्छादन न चुकता काढावे.

फुकियन टी यांतील सर्वांत नाजूक आहे. रात्रीचे तापमान १५ अंशांच्या खाली असेपर्यंत तिला घरात, दिवसा भरपूर उजेड मिळेल अशा खिडकीशी ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

छाटणीची घाई करू नये. काळे शेंडे खालच्या कळ्यांना थोडा आडोसा देतात, आणि आता छाटल्यास फुटणारी नवी पालवी पुढच्या लाटेत सापडते. तार बांधणे, कुंडी बदलणे आणि नत्रयुक्त खत देणे हेही थांबवावे. फेब्रुवारीच्या अखेरीस रात्री उबदार झाल्या की फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर फांदी जिवंत आहे, तपकिरी व कोरडे दिसले तर हिरव्या भागापर्यंत मागे छाटावे. वड चिवट असतो आणि जुन्या लाकडातूनही फुटतो, त्यामुळे पाने गेली तरी खोड व पारंब्या टणक असतील तर हे झाड सावरण्याची मला पूर्ण आशा आहे.