उत्तर: कारवानी कुत्रा धावतो खूप, अंगी लागत नाही

कारवानी (वेगाने धावणारी देशी शिकारी जात) कुत्रा खूप धावतो पण खाल्लेलं अंगी लागत नाही, या प्रश्नावर रोज भातावर दोन डाव तूप ओतायचा सल्ला कुणीतरी दिलाय, तो पाळू नका. एकदम इतक्या चरबीने स्वादुपिंडाला सूज आली तर उलट्या, पोट दुखून पाठीची कमान, आणि मग सलाईन.

आधी शी तपासून घ्या आणि जंताचं औषध द्या. जंत किंवा गोचीडताप असेल तर तूप वायाच. शिवाय कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणारच, ती जातच सडपातळ. कमरेची हाडं आणि मणके टोचत असतील तर मात्र वजन कमी आहे.

२० किलोच्या धावत्या कुत्र्याला दिवसाला साधारण ११०० ते १३०० कॅलरी लागतात. वरून घातलेली चरबी त्याच्या दहा टक्क्यांत ठेवा, म्हणजे फार तर तीन चहाचे चमचे तूप. सुरुवात अर्ध्या चमच्याने, दर चार दिवसांनी अर्धा वाढवा. शी चकचकीत, पातळ झाली की एक पायरी मागे.

उकडलेलं अंडं पिवळ्यासकट उत्तम; काटे काढलेली उकडलेली तारली (मासा) आठवड्यातून दोनदा. तळणीचं उरलेलं तेल, कांदा-लसणाची फोडणी अजिबात नको. खाल्ल्यावर दोन तास पळवू नका.