फुकट धान्य की खात्यात पैसे?

माळवेकर: कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या दुकानात आधी गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये किलो होता. १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला माणशी ५ किलो चक्क फुकट. इंदूरात आमच्या गल्लीत वाटप झालं की दुसऱ्या दिवशी धान्य विकत घेणारा तराजूवाला हजर! लोक तांदूळ विकतात नि तेल-भाजी आणतात. मग खरेदी, गोदामं, ट्रक हा उपद्व्याप सरकारनं करावाच कशाला? चंडीगड-पुदुच्चेरीनं २०१५ मध्ये खात्यात पैसे द्यायला सुरुवात केली, तसं इथंही करा.

सुदामानगरची ताई: पुदुच्चेरीची पुढची गोष्ट गाळलीत. तिथं २०२४ मध्ये रेशन दुकानं पुन्हा उघडली. आणि तांदूळ विकतात ते का? माळव्यात घरोघरी फुलके लागतात. गहू विकताना कुणी पाहिलाय? ५ किलो म्हणजे दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास, मजुरी करणाऱ्याचं एक वेळचं पोट. त्यात खात्यावर पैसे आले की आधी नवऱ्याला कळतं.

माळवेकर: ताई, आपल्या इंदूरच्याच आठ गावांत २०११ मध्ये रोख रक्कम देऊन पाहिली होती. लोकांनी ती दारूत उडवली नाही, जेवण सुधारलं.

सुदामानगरची ताई: पण त्या गावांत रेशन बंद केलं नव्हतं हो! पैसे वरचे होते.

देपालपूरचा शेतकरी: शहरातली मंडळी एक विसरतात. हमीभावानं घेतलेला आमचा गहू रेशनमधूनच खपतो. रेशन बंद झालं तर सरकार तो घेईल कशाला?

राजवाडा: तुमच्या हमीभावासाठी गरिबानं रांगेत उभं राहायचं, असं झालं हे. मला वेगळंच खुपतं. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, त्यातली ८१.३५ कोटी लोकांची मर्यादा २०११ च्या जनगणनेवरची. नंतर वाढलेल्यांचं काय? आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींचा अंगठा रेशन दुकानातल्या मशीनवर उमटत नाही, महिना-महिना खेपा घालतात. रोख असो की धान्य, यादीत नाव नाही त्याला दोन्ही सारखंच.

माळवेकर: यादीचं पटलं. पण निदान तांदूळ नको असेल त्याला गहू द्या, नाहीतर त्याची किंमत.

सुदामानगरची ताई: गहू चालेल. किंमत मात्र कोणत्या दिवसाच्या भावानं, ते आधी सांगा.